खारवशीचे बारा खुंट

"सत्ताविसावं पान काढून टाक आणि अहवाल पाठवून दे," रेगे सर म्हणाले.

"ते काढलं तर अहवालात उरतं काय, सर?"

"बंधारा उरतो. लोकांना तोच हवाय, वरच्यांना तोच हवाय. त्याला सव्वीस पानं पुरतात."

ते शांतपणे चष्मा पुसत होते. डॉ. विद्याधर रेगे यांचा आवाज कधी चढत नसे. रत्नागिरीतल्या त्यांच्या 'तटबंध सल्लागार' या फर्ममध्ये मी सोळा वर्षं काम करत होते. मी मूळची मंगळवेढ्याची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकोणिसाव्या वर्षी. लाट कशी मोजायची, मूठभर वाळू पाहून ती कुठून आली असेल ते कसं ओळखायचं, हे सगळं मला सरांनीच शिकवलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहून नाही म्हणणं मला सोपं नव्हतं.

सत्ताविसाव्या पानावर एक नकाशा होता आणि त्याखाली सहा ओळी. खारवशी गावापुढे नऊशे मीटरचा दगडी बंधारा घातला, तर उत्तरेला लागून असलेल्या मोरवशीचा किनारा पाच-सात वर्षांत कापला जाईल. बंधाऱ्याऐवजी खारवशीच्या वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या कराव्यात. वर्षभर दर अमावास्या-पौर्णिमेला तिथली वाळू मोजून मी त्या सहा ओळींपर्यंत आले होते.

"मोरवशीच्या लोकांना हे कळायला हवं, सर."

"आपण सल्ला देतो, शैलजा. गावं वाचवत नाही." सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि तू आज इतकी का बिथरलीस तेही मला माहीत आहे. जुनं उकरू नकोस. त्याचा आता कोणाला उपयोग नाही."

मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्या उभ्याच राजीनामा लिहिला. सरांनी तो वाचला, घडी घालून खणात ठेवला.

"मोजमापं फर्मची आहेत," ते म्हणाले. "वह्या इथंच ठेवून जा."

मी वह्या ठेवल्या. वर्षभराचं काम त्या टेबलावर सोडून जिना उतरले तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि मोजणीची टेप, एवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी मी खारवशीत होते. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. एसटीच्या थांब्यापासून गावापर्यंत चालत जाताना पाय भाजत होते. मी थेट सुलोचना खवणेकरांच्या दारात गेले.

सुलोचनाबाई गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. नवरा वारल्यावर लोकांनी त्यांना त्याच्या जागी तात्पुरतं बसवलं, आणि त्या अकरा वर्षं तिथून उठल्या नव्हत्या. पन्नाशीच्या, उंच, बोलायला मोजक्या. गाव त्यांना सुलूवयनी म्हणे, मी वहिनी म्हणत असे. मोजणीच्या दिवसांत माझं जेवण त्यांच्याकडेच असायचं. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या वादळात खारवशीतली अकरा घरं गेली, त्यात त्यांच्या धाकट्या जावेचं, सुगंधाचं घर होतं. सगळे बाहेर पडल्यावर सुगंधा शेळीचं दावं सोडायला म्हणून परत आत गेली. ती मग सापडली ती दुसऱ्या दिवशी, खाडीच्या तोंडाशी.

मी नोकरी सोडल्याचं सांगितलं, तेव्हा वहिनी बांगडे साफ करत होत्या. हात थांबला नाही.

"मगे आमच्या बंधाऱ्याचा काय?"

"तो होऊ नये म्हणून आलेय."

आता त्यांनी वर पाहिलं. "बाय, आमका बंधारो होयो. आमी मोर्चो नेलो थंय कचेरीर. माझी जाव गेली त्या दर्यात. आणि तुमी सांगतास नको?"

"संध्याकाळी माझ्याबरोबर साकवेळपर्यंत चला. मग सांगा."

साकवेळ हे खारवशीच्या दक्षिणेचं गाव. तिथं नऊ वर्षांपूर्वी बंधारा झाला होता. ऊन उतरल्यावर आम्ही दोघी किनाऱ्यानं चालत गेलो. काळ्या दगडांची ती भिंत साकवेळच्या शेवटच्या माडापाशी संपत होती, आणि जिथं ती संपत होती तिथून खारवशीची जमीन कुणी कोयत्यानं फाक काढावी तशी आत कापली गेली होती. माडांची मुळं हवेत लोंबत होती.

"ह्यां आमी रोज बघतोव," वहिनी म्हणाल्या.

"बंधारा नव्हता तेव्हा इथं काय होतं?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "वाळयेचो डोंगर होतो. दोन माणसा एवढो उंच. त्येच्यार मर्यादवेल पसरलेली. आमी थंय सुकी मासळी घालू."

मी त्यांना सांगितलं ते असं. समुद्र वाळू एका जागी ठेवत नाही. पावसाळ्यात ओढून नेतो, थंडीत परत आणून टाकतो. उभी भिंत घातली की लाट तिच्यावर आपटून माघारी फिरते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. भिंतीमागचं गाव काही वर्षं सुखात असतं. भिंत जिथं संपते तिथं शेजाऱ्याची जमीन जाते. तुमचा वाळूचा डोंगर असता तर त्या जूनमधली लाट आधी त्याला खात बसली असती. घरांपर्यंत आली असती, पण दमून आली असती.

वहिनी त्या कापलेल्या जमिनीजवळ गेल्या.

"म्हणजे साकवेळवाल्यांच्या बंधाऱ्यान आमची घरां गेली."

"हो."

"आणि आमचो बंधारो झालो, तर मोरवशीची जातली."

"हो."

"ह्यो ज्यांनी बांधल्यानी त्यांका ह्यां म्हायत नव्हता?"

"बहुतेक माहीत होतं."

"कोणाक?"

"ज्यांनी अहवाल लिहिला त्यांना."

"ते खंय आसत आता?"

मी समुद्राकडे पाहिलं. वहिनींनी ते पुन्हा विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं कुलूप काढून दिलं. आत अमोनियाचा जुना वास, गंजलेले साचे आणि एका कोपऱ्यात सडलेलं भाताचं तूस होतं. "रवा हंय," त्या म्हणाल्या. "पण माका आकडे होये. ग्रामसभेत नुसत्या बोलण्याक कोण इचारणा नाय."

फर्मची यंत्रं नव्हती, वह्या नव्हत्या. मी गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली, तिनं पातळी दोन केसांइतकी अचूक कळते. दोन बांबूंवर रंगानं इंच आखले. गावापुढच्या किनाऱ्यावर सुरूचे बारा खुंट ठोकले, आणि प्रत्येक खुंटापासून पाण्यापर्यंत वाळू किती उतरते ते मोजायला सुरुवात केली. सकाळची मासळी विकून आल्यावर बायका येत. पहिल्या दिवशी तिघी होत्या, आठवड्यात अकरा झाल्या. त्यांना वाळू माझ्यापेक्षा जास्त कळत होती. सातव्या खुंटापाशी मी आकडा सांगायच्या आधीच रुखसाना सोलकर म्हणायची, "कालच्यापेक्षा बोटभर खाली गेली." आणि ती बोटभरच गेलेली असायची.

ते तीन आठवडे माझ्या आयुष्यातले बरे दिवस होते. जेवायला मी वहिनींच्या घरी जात होते. भिंतीवर सुगंधाचा फोटो होता, लग्नातला. मी त्याच्याकडे पाठ होईल अशा बेतानं बसत असे.

ग्रामसभा मेच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या पडवीत भरली. विषय एकच, बंधाऱ्याला गावाची ना-हरकत. सरपंच दाजी गिरकर बंधाऱ्याच्या बाजूचे. माणूस वाईट नव्हता. वादळात त्यांनी स्वतःच्या होडीतून सतरा माणसं खाडीपलीकडे नेली होती. त्या दिवसाची धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती, आणि दगड दिसला की त्यांना धीर येत होता.

रेगे सर स्वतः आले. पांढरा सदरा, हातात नकाशाची गुंडाळी. ते नेहमीसारखंच सुरेख बोलले. मग माझ्याकडे वळून हसले.

"शैलजाताईंनी इथं जे सुरू केलंय त्याचं मला कौतुक आहे. शिष्या माझीच आहे. म्हणून मी एक प्रस्ताव घेऊन आलोय. बंधाऱ्याचं काम घेणारी कंपनी खारवशीत किनारा संशोधन संस्था उभी करून द्यायला तयार आहे. इमारत, यंत्रसामग्री, गावातल्या मुलींना कायमच्या नोकऱ्या. संचालक अर्थातच शैलजा अधटराव."

टाळ्या पडल्या. लोक माझ्याकडे वळून पाहू लागले. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर आनंद झाला. लाटा मोजणारी यंत्रं, स्वतःची प्रयोगशाळा, माझ्या नावाची पाटी. सोळा वर्षं मी दुसऱ्याच्या पाटीखाली काम केलं होतं.

"एक साधी अट आहे," सर म्हणाले. "संस्थेचे निष्कर्ष आधी सल्लागार समितीकडे जातील. समितीनं मान्य केले की प्रसिद्ध होतील. सगळीकडे हीच पद्धत असते."

"समितीत कोण असेल?" मी विचारलं.

"मी, आणि कंपनीचे दोघं. तूही असशीलच."

"आणि समितीनं मान्य केले नाहीत तर?"

"तर चर्चा करू."

"मला नको ही संस्था," मी म्हणाले.

पडवीत कुजबुज सुरू झाली. दाजी गिरकर उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मॅडम, तुमी गावाच्या तोंडातलो घास काढतास. बंधारोय मिळता, संस्थाय मिळता, पोरींका नोकरी मिळता. तुमका काय होया? सोळा वर्षां तुमी ह्यांच्याच फर्मीत होत्यात. तेव्हा ह्यांचा सगळा खरा होता. आज एकदम तुमचा खरा आणि ह्यांचा खोटा, ह्यां आमी कित्याक मानूचा?"

प्रश्न बरोबर होता. तीन आठवडे मी आकड्यांची तयारी केली होती, आणि गिरकरांनी आकड्यांचं काहीच विचारलं नाही. माझ्या हातात वही होती, ती मी खाली ठेवली.

"मानू नका," मी म्हणाले. "आधी एक गोष्ट ऐका, मग ठरवा. साकवेळच्या बंधाऱ्याचा अहवाल मी लिहिलाय. त्यातही असंच एक पान होतं. बंधारा संपेल तिथून पुढं खारवशीची वाळू जाईल आणि मोठ्या वादळात घरांना धोका होईल, असं त्यावर होतं. सरांनी ते पान काढायला सांगितलं आणि मी काढलं. मला कोणी धमकावलं नव्हतं. तेव्हा मला बढती हवी होती, ती मिळाली. खाली सही माझी आहे. सरांची नाही, माझी एकटीची."

शाळेच्या कौलावर एक कावळा चालत होता, त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता.

"शैलजा, ही जागा नव्हे," सर हलक्या आवाजात म्हणाले.

"हीच जागा आहे, सर. अकरा घरं इथलीच होती."

बायकांच्या रांगेत सुलोचनाबाई बसल्या होत्या. त्या उठल्या. माझ्याकडे न पाहता पडवीच्या पायऱ्या उतरल्या आणि निघून गेल्या. त्यांच्यामागून रुखसाना उठली, मग मोजणीला येणाऱ्या बाकीच्या सगळ्या. गिरकरांनी सभा तासभर थांबवली.

सर माझ्याजवळ आले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरी काळजी होती, आणि तेच मला सोसवेना. "चल, गाडीत बस. इथं तुला आता कोण ठेवून घेणार?"

"न ठेवोत. मी तुमच्या गाडीत बसणार नाही."

"हट्टानं काय मिळवलंस?"

"ते मलाही अजून माहीत नाही, सर."

मी बर्फाच्या कारखान्याकडे गेले. सामान आवरायचं होतं. एक ट्रंक, एक स्टोव्ह. बांबू आणि नळी गावचीच होती. दारातल्या पायरीवर सुलोचनाबाई बसलेल्या होत्या. मी चार हात अंतरावर उभी राहिले. बसायचं धाडस झालं नाही.

"सुगंधाचा नाव तुमका म्हायत होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"वादळानंतर मेलेल्यांची यादी पेपरात आली होती. तिसरं नाव."

"म्हणजे माझ्या घरात पयल्यांदा जेवलात तेव्हा म्हायत होता."

"होतं."

"तिच्या फोटोखाली बसून जेवलात."

"जेवले, वहिनी."

त्यांनी पायरीवरची वाळू हातानं झाडली. मग म्हणाल्या, "साकवेळच्या टोकार मी तुमका इचारलंय. ते खंय आसत म्हणून. तेव्हा तरी सांगूचा होता."

"सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

"आज खंयसून इलो?"

"सरांनी संस्था देऊ केली तेव्हा. मला ती आवडली होती. घेतली असती तर मोरवशीचं पानही मी एक दिवस काढलं असतं. आणि मग तुम्हाला कधीच सांगता आलं नसतं."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. त्या रडल्या असतील तर मी यायच्या आधी. आवाज कोरडा होता.

"माफी माझ्याकडे मागू नको. ती माझ्या हातात नाय. सुगंधा आसती तर तिनां काय केला आसता ता तिका म्हायत." त्या पहिल्यांदाच मला एकेरीत बोलत होत्या. "जावचा आसला तर चारची एसटी आसा. रवाचा आसला तर माझ्या नियमान रवाचा."

"कोणता नियम?"

त्यांनी कारखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर हात आपटला. रस्त्याकडची ती लांब भिंत, बाजाराला जाणारं अख्खं गाव तिच्यासमोरून जाई.

"जो आकडो ज्या दिसाक येतलो, तो त्याच दिसाक हंय लिवाचो. मोठ्या अक्षरात. आधी भिंतीर, मगे कागदार. तुजो, माजो, सरपंचाचो, कोणाचो असूंदे. बरो आसूंदे, वायट आसूंदे. कागदाचा पान निघता. भिंत काढूक जेसीबी हाडूचो लागता, आणि तो सगळ्यांका दिसता."

"मान्य," मी म्हणाले.

"मी तुका इचारूक नाय. सांगतंय."

त्या उठल्या आणि शाळेकडे चालू लागल्या. मी मागून गेले. सभेत त्यांनी उभ्यानंच ठराव मांडला. बर्फाचा कारखाना किनाऱ्याच्या मोजणीसाठी द्यावा, आणि दोन पावसाळे मोजणी होईपर्यंत बंधाऱ्याला ना-हरकत देऊ नये.

"सुलूवयनी, तिनां आता स्वतः सांगल्यान ना काय केलां ता?" गिरकर म्हणाले.

"सांगल्यान. तुझ्या ह्या सायबान सांगल्यान काय?" वहिनी सरांकडे वळल्या. "तुमी तेव्हा थंय होत्यात ना? तुमी काय सांगतास?"

सर उठले, नकाशाची गुंडाळी काखेत घेतली आणि गाडीकडे गेले. त्यांना तसं जाताना पाहून मला बरं वाटलं नाही. पण मी त्यांना थांबवलंही नाही.

मग वहिनी लोकांकडे वळल्या. "साकवेळवाल्यांनी आमका इचारूक नाय. आमी बुडालो. आता आमची पाळी इली म्हणून आमी मोरवशीक इचारूचा नाय? माझी एक जाव गेली. मोरवशीतसून कोणाची तरी जाव माझ्या सहीन जाव देवची नाय मी."

वर झालेले हात दोनदा मोजावे लागले. ठराव चार मतांनी पास झाला. सुगंधाचा नवरा विरोधात होता. त्यानं पुढं कधीच माझ्याशी बोलणं ठेवलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

फर्मची नोटीस आली, वकिलामार्फत. त्यांची माहिती मी वापरली तर काय काय होईल ते त्यात होतं. वापरण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. आम्ही सगळं पहिल्यापासून मोजलं. बर्फाच्या कारखान्यातल्या आमच्या स्वतःच्या संस्थेची नोंदणी करायला गेलो तेव्हा कारकुनानं अध्यक्षांचं, म्हणजे वहिनींचं, शिक्षण विचारलं. सातवी, असं ऐकल्यावर त्यानं पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तिच्याकडे काय बघतास," वहिनी म्हणाल्या. "लिवा. सातवी पास." देणग्या देऊ म्हणणारे आले. आकडे आधी आम्हाला दाखवा, असं ज्यांनी म्हटलं त्यांना वहिनींनी रस्त्यावरची भिंत दाखवली. त्यातले बरेचसे परत आले नाहीत. थोडे आले.

वाळू थोपवायला झावळ्यांचे कुड घातले. त्यांच्या आडोशाला वाळू साठली की मर्यादवेल लावायची, तिच्यामागे केवडा. पहिल्या वर्षी निम्मं वाहून गेलं. तिसऱ्या वर्षी गावापुढची टेकडी माझ्या कमरेएवढी झाली. ना-हरकतीचा विषय गिरकर दर ग्रामसभेला आणत, आणि दर वेळी लोक भिंतीवरचे आकडे वाचून येत.

चौथ्या वर्षी जूनमध्ये पुन्हा वादळ आलं.

दोन दिवस आम्ही सगळे शाळेत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडल्यावर बांबू आणि नळी घेऊन खाली गेलो. पहिल्या खुंटापासून नवव्यापर्यंत टेकडी खरचटली होती, पुढचा भाग कोसळला होता, पण उभी होती. तिच्यामागच्या एकाही घरात पाणी गेलं नव्हतं. रुखसाना वाळूत बसली आणि हसू लागली. गिरकरांनी एका खुंटाला हात लावून पाहिला.

पुढं खाडीच्या तोंडाशी दहावा, अकरावा आणि बारावा खुंट होता. तिथं टेकडी नव्हतीच. केवडा मुळासकट गेला होता. किनारा अकरा मीटर आत आला होता आणि सोसायटीची जाळ्यांची शेड समुद्रात होती. तिथं लावणी मी ठरवली होती. खाडीचं पाणी आणि लाट एकाच वेळी आल्यावर काय होईल, याचा माझा अंदाज साफ चुकला होता.

वर येताना मी म्हणाले, "वहिनी, शेवटच्या तीन खुंटांचं उद्या पुन्हा मोजू. ओहोटी नीट नव्हती. आज नऊ लिहूया."

त्यांनी रंगाचा डबा माझ्यापुढं धरला. "उद्या मापूया. उद्याचा उद्या लिवूया. आजचा आज."

"तालुक्याचे पत्रकार येतायत दुपारी. ते काय छापतील माहितीये ना?"

"म्हायत आसा."

मी ब्रश घेतला. खुंट एक ते नऊ, टेकडी उभी. खुंट दहा ते बारा, टेकडी गेली, किनारा अकरा मीटर आत. लावणी चुकीच्या जागी. हे शेवटचं वाक्य वहिनींनी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच लिहिलं.

पत्रकार दुपारी आला. तरुण, घाईतला. त्यानं भिंतीचा फोटो काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"म्हणजे तुमच्या संस्थेचा प्रयोग फसला, असं लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी पुढं आल्या.

"लिवा," त्या म्हणाल्या. "तीन खुंट फसले, नऊ खुंट टिकले. दोन्ही लिवा. आणि मगे दक्षिणेक साकवेळाक जावा. थंयचो बंधारो किती खचलो, त्येच्या पुढची जमीन किती गेली, ता इचारा. आमचा चुकला ता आमी रस्त्यार लिवला. त्यांचा खंय लिवलेला आसा, ता शोधून काढा आणि आमका येवन सांगा."

त्यानं वही मिटली. मग जरा विचार करून पुन्हा उघडली आणि विचारलं, "साकवेळला जायला एसटी किती वाजता आहे?"